ऐकीव मतांच्या पलीकडे: वैचारिक वाचन पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

बलिप्रतिपदेला ओवाळताना म्हणतात, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’. त्याच घरात मुलांना वामनाची गोष्टही सांगितली जाते: वामनाने तीन पावलं जमीन मागितली, तिसरं पाऊल बळीच्या डोक्यावर ठेवलं आणि त्याला पाताळात घातलं. गोष्टीत देव वामनाच्या बाजूला आहे, आणि ओवाळणारी बाई मात्र बळीचं राज्य परत मागते आहे. पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही शेजारी शेजारी नांदलं आणि कुणाला काही खटकलं नाही. जोतीराव फुल्यांना खटकलं. १८७३ साली आलेल्या ‘गुलामगिरी’त त्यांनी बळीला लोकांचा न्यायी राजा मानून सगळ्या अवतारकथा उलट्या बाजूने वाचल्या.

त्यांचं सगळंच म्हणणं आज टिकतं असं नाही. शब्दांच्या ज्या व्युत्पत्ती त्यांनी दिल्या, त्यांतल्या बऱ्याच आजचे भाषाभ्यासक मान्य करत नाहीत. पण बळीबद्दलची विसंगती खरी आहे, आणि एकदा ती दिसली की पुढच्या दिवाळीत ते वाक्य पूर्वीसारखं कानावरून निघून जात नाही.

असं वाचन ज्यांना सुरू करायचं आहे पण कुठून आणि कसं ते कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आपण ‘माझं मत’ म्हणतो त्यातलं पुष्कळसं ऐकीव असतं. घरात, शाळेत, सिनेमात, फोनवर ऐकलेलं. ऐकीव असलं म्हणजे चूक असेलच असं नाही, पण ते कुणी सांगितलं, केव्हा आणि कशावरून, हे आपण विचारलेलं नसतं. वैचारिक वाचनाचा मला कळलेला उपयोग हाच, की हे प्रश्न विचारायची सवय लागते. ती कशी लावायची ते आता क्रमाने सांगते.

१. आधी आपलं मत कागदावर

पुस्तक उघडण्यापूर्वी एक वही घ्या. ज्या विषयावर वाचणार आहात त्यावर आज तुम्हाला काय वाटतं ते पाच-सहा ओळींत लिहा आणि तारीख घाला. खाली आणखी एक ओळ: हे मी कुठून ऐकलं?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पुढचं सगळं ढिलं पडतं. कारण मन मोठं चतुर आहे. पुस्तकातला मुद्दा पटला की दोन दिवसांत आपल्याला वाटायला लागतं, ‘हे तर मला आधीपासूनच माहीत होतं’. नाही पटला, तर आपलं मूळ मत होतं त्यापेक्षा अधिक ठाम होतं असं वाटतं. वहीतल्या सहा ओळी या दोन्ही गोष्टींना आळा घालतात.

‘कुठून ऐकलं’ या ओळीवर थोडा वेळ द्या. ‘सगळ्यांनाच माहीत आहे’ असं लिहावंसं वाटेल. तसं वाटलं तर तसंच लिहा आणि खाली रेघ ओढा. वाचताना याच जागेकडे परत यायचं आहे.

२. पहिलं वाचन लहान घ्या

नव्या वाचकाची सर्वांत मोठी अडचण म्हणजे सुरुवातीलाच जाडजूड ग्रंथ घेणं. चाळीस पानांनंतर तो उशाशी पडून राहतो आणि ‘आपल्याला हे झेपत नाही’ असा समज होतो. झेपतं. लहान तुकड्याने सुरुवात करा.

माझी पहिली शिफारस लोकहितवादींच्या शतपत्रांची. गोपाळ हरी देशमुखांनी ही पत्रं १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने लिहिली. सुरुवात केली तेव्हा त्यांचं वय २५ होतं. नाव शतपत्रे असलं तरी पत्रं १०८ आहेत. प्रत्येक पत्र स्वतंत्र आहे आणि एका बैठकीत वाचून होतं. स्वतः ब्राह्मण असून त्यांनी ब्राह्मणांच्या विद्येवर, आळसावर, पोकळ अभिमानावर जे लिहिलं ते आजही झोंबतं. त्यात इंग्रजी राज्याविषयी जो विश्वास दिसतो तो मात्र आजच्या वाचकाला खटकेल, आणि खटकू द्यावा. एकाच लेखकाच्या एका मुद्द्यावर मान डोलवायची आणि दुसऱ्यावर थांबायचं, ही सवय पहिल्याच आठवड्यात लागली तर उत्तम.

त्यानंतर आगरकरांचे निबंध. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘केसरी’ सोडल्यावर १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढलं आणि १८९५ मध्ये, चाळिशीही गाठण्याआधी, ते गेले. ‘सुधारक काढण्याचा हेतु’ किंवा ‘गुलामांचे राष्ट्र’ यांपैकी एक निबंध घ्या. आगरकर युक्तिवाद पायरीपायरीने करतात, त्यामुळे कोणत्या विधानावर कोणतं विधान उभं आहे ते शोधायचा सराव त्यांच्यावर छान होतो.

पहिल्या महिन्यात दोन पत्रं आणि एक निबंध इतकं पुरे. प्रत्येक गोष्ट दोनदा वाचा.

३. जुन्या मराठीला घाबरू नका

एकोणिसाव्या शतकातलं पान उघडलं की सगळीकडे अनुस्वार दिसतात: ‘त्यांत’, ‘करितां’, ‘नाहीं’, ‘जाकिटें’. पुष्कळ अनुस्वार तेव्हाच उच्चारात उरले नव्हते, व्याकरणाच्या खुणा म्हणून लिहिले जात होते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते काढून टाकले. म्हणून ते डोळ्याआड करून वाचलं तरी अर्थ बदलत नाही. विरामचिन्हं कमी आणि वाक्यं लांब असतात. अशा वेळी मोठ्याने वाचा. ही भाषा बोलण्याच्या जवळची आहे, फुल्यांची तर फारच, आणि ‘गुलामगिरी’ हा जोतीराव आणि धोंडिबा यांचा संवादच आहे. कानाला वाक्य लगेच कळतं.

शब्द अडला तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पाहा. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती इंटरनेटवर शोधता येते, आणि त्या काळी तो शब्द कसा वापरत होते हे तीत सापडतं. माणसांची आणि घटनांची माहिती हवी असेल तर मराठी विश्वकोश आहेच, तोही ऑनलाइन आणि मोफत.

४. एक प्रकरण सावकाश: धर्मानंद कोसंबींचा बुद्ध

आता खरं काम. ‘सिद्धार्थाने घर का सोडलं?’ या प्रश्नावर तुमचं मत वहीत लिहा. बहुधा असं लिहाल: राजपुत्र होता, बापाने त्याला दुःख दिसू दिलं नाही, एके दिवशी रथातून जाताना म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसला, आणि मध्यरात्री झोपलेल्या बायकोमुलाला सोडून तो निघून गेला. कुठून ऐकलं? शाळेच्या पुस्तकातून, चित्रांतून, सगळीकडून.

मग धर्मानंद कोसंबींचं ‘भगवान बुद्ध’ घ्या. कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे. बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा म्हणून घर सोडून पुणे, काशी, नेपाळ करत ते सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, पोचले आणि तिथे पाली शिकले. म्हणजे मूळ ग्रंथ स्वतः वाचून लिहिणारा हा माणूस आहे. त्यांच्या पुस्तकातलं गौतम बोधिसत्त्वाच्या, म्हणजे बुद्ध होण्यापूर्वीच्या सिद्धार्थाच्या, गृहत्यागाचं प्रकरण तीनदा वाचा.

पहिल्यांदा फक्त काय म्हटलंय ते समजून घेण्यासाठी. पेन्सिल बाजूला ठेवा.

दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. लेखक जिथे पुरावा देतो तिथे एक खूण, आणि पुराव्यावरून तर्क करतो तिथे दुसरी. हे प्रकरण या सरावासाठी अतिशय उपयोगी आहे, म्हणून इथे थोडं थांबते. रथातून दिसलेल्या चार दृश्यांची गोष्ट पाली वाङ्मयातल्या महापदान सुत्तात (सुत्त म्हणजे बुद्धाचं प्रवचन) आहे खरी, पण ती गौतमाबद्दल नाही, विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाबद्दल आहे. गौतमाच्या चरित्रात ती नंतरच्या ग्रंथांतून येते. अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वतः सांगतात की आईवडील रडत असताना, त्यांची इच्छा नसताना, मी केस-दाढी काढून घराबाहेर पडलो. आईवडील समोर रडत असतील तर मध्यरात्री गुपचूप निघून जाण्याचं काय करायचं? सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्तात वैराग्याचं कारणही येतं: आटत्या पाण्यातल्या माशांसारखी माणसं एकमेकांशी झुंजताना पाहिली आणि भय वाटलं. हे झाले पुरावे. सुत्त उघडून कुणालाही तपासता येतात.

यापुढे कोसंबी म्हणतात की या वैराग्यामागे शाक्य (गौतमाचं कुळ) आणि शेजारचे कोलिय यांच्यातले, रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणारे तंटे असावेत. हा तर्क आहे. सुरेख आहे, पण तर्क आहे. रोहिणीच्या पाण्याचं भांडण अट्ठकथांमध्ये, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या नंतरच्या भाष्यांमध्ये, सापडतं, आणि तिथे ते बुद्धत्व मिळाल्यानंतरच्या काळातलं आहे. बुद्ध मध्ये पडून ते मिटवतात. डॉ. आंबेडकरांनी त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पाण्याच्या तंट्याची ही मांडणी आणखी पुढे नेली आहे.

तिसऱ्या वाचनात स्वतःला विचारायचं: पहिला भाग पटला म्हणून दुसराही मी न तपासता स्वीकारला का? नव्या वाचकाच्या हातून नेमकं हेच होतं. जुना समज लेखकाने इतका स्वच्छ पाडला, की त्या जागी तो जे बसवतो ते आपण आनंदाने बसवून घेतो. एका ऐकीव मताच्या जागी दुसरं ऐकीव मत येतं, फक्त या वेळी सांगणारा विद्वान असतो. मला स्वतःला रोहिणीची मांडणी आवडते. युद्ध नको म्हणून घर सोडणारा तरुण मला रथातल्या राजपुत्रापेक्षा अधिक खरा वाटतो. पण ‘आवडते’ आणि ‘सिद्ध झाली’ यांतलं अंतर वहीत राहिलं पाहिजे.

हे प्रकरण संपल्यावर आधी लिहिलेल्या सहा ओळी काढा. त्या खोडू नका. खाली नवी तारीख घालून नव्या ओळी लिहा.

५. गोष्ट कोण सांगतंय ते पाहा

दुसरा सराव छोटा आहे आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन करता येतो. विचारा: मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा द्रौपदी काय म्हणाली? उत्तर ठरलेलं: ‘आंधळ्याचा मुलगा आंधळाच’. आणि त्याला जोडून येणारा निष्कर्षही ठरलेला, की एका बाईच्या जिभेमुळे महाभारत घडलं.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात १२५९ हस्तलिखितं पडताळून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. सुरुवातीची अनेक वर्षं हे काम वि. सी. सुकथनकरांच्या संपादकत्वाखाली चाललं. त्या आवृत्तीत हे वाक्य नाही. सभापर्वातल्या वर्णनात दुर्योधन पडतो तेव्हा भीम हसतो, भाऊ हसतात, नोकरचाकर हसतात. पुढे हस्तिनापुराला परतल्यावर दुर्योधन बापापुढे गाऱ्हाणं मांडतो, तेव्हा त्याच्या तोंडून द्रौपदीही इतर स्त्रियांसह हसल्याचं आपल्याला कळतं.

म्हणजे टोमणा नाहीच, आणि हसणंही दुखावलेल्या माणसाच्या तक्रारीतून आलेलं. या एका प्रसंगावरून किती घरांत किती मुलींना ‘जास्त बोलू नकोस’ म्हणून सांगितलं गेलं असेल! ऐकीव गोष्ट निरुपद्रवी नसते. म्हणून कथा असो की बातमी, एक सवय लावा: हे निवेदक सांगतो आहे, की कथेतलं एक पात्र? आणि त्या पात्राला ते सांगून काय हवं आहे?

ही दृष्टी पुढे न्यायची असेल तर इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ वाचा. मानवशास्त्र शिकवणाऱ्या या बाईंनी चिकित्सक आवृत्तीच्या आधारे महाभारतातल्या माणसांकडे माणसं म्हणून पाहिलं. विदुर आणि युधिष्ठिर यांच्या नात्याविषयी त्या जी शंका काढतात ती वाचताना चौथ्या पायरीतली पेन्सिल हातात असू द्या. पुरावा कुठे संपतो आणि तर्क कुठे सुरू होतो ते त्या स्वतःच दाखवत जातात, आणि याचसाठी मला त्या फार मोठ्या वाटतात.

६. नावं बदलून वाचा

१८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात बाळाला मारल्याचा खटला चालला. फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. वर्तमानपत्रांतून एकूण स्त्रीजातीच्या चारित्र्यावर झोड उठली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली, आणि १८८२ मध्ये ती पुण्यात छापली गेली.

त्यांची रीत साधी आहे. स्त्रियांच्या अंगी म्हणून जे दुर्गुण सांगितले जातात ते एकेक घ्यायचे आणि विचारायचं, हे पुरुषांत नाहीत का? बायको मेली तर नवरा लगेच दुसरी करतो, मग नवरा मेल्यावर बाईचं असं काय बदलतं? त्या संतापून लिहितात, आणि तो संताप पानापानावर जाणवतो. पुस्तकावर टीका झाली तेव्हा जोतीरावांनी ‘सत्सार’ या आपल्या प्रकाशनात ताराबाईंची बाजू घेतली. पुढे मात्र हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं.

ताराबाईंची रीत उचला. कुठल्याही लेखात, भाषणात, निरोपात एखाद्या गटाबद्दल सरसकट विधान आलं की त्या गटाच्या जागी आपल्या गटाचं नाव घालून ते वाक्य मोठ्याने वाचा. ‘ते लोक मेहनत करत नाहीत.’ ‘खेड्यातल्यांना कळत नाही.’ ‘शहरातल्या मुली ऐकत नाहीत.’ आपलं नाव घातल्याबरोबर ‘पण आमच्यात सगळेच तसे नसतात’ असं तोंडाशी आलं, तर तेच उत्तर त्यांनाही लागू आहे. याला दहा सेकंद लागतात, आणि इतका कामाचा दुसरा सराव मला माहीत नाही.

७. विरोधकाची बाजू त्याला पटेल अशी लिहा

सगळ्यांत अवघड पायरी ही. घाई करू नका, दोन-तीन महिन्यांच्या वाचनानंतर घ्या.

१८९१ चा संमतिवयाचा कायदा घ्या. मुलीशी शरीरसंबंधाचं कायदेशीर वय १० वरून १२ करण्याचा तो प्रस्ताव. शाळेत आपण शिकतो: आगरकर बाजूने, टिळक विरोधात, एक सुधारक आणि एक सनातनी. आज १० आणि १२ हे आकडे वाचूनच अंगावर काटा येतो, त्यामुळे टिळकांची बाजू समजून घ्यायची इच्छाही होत नाही. तरी घ्या. एका पानावर टिळकांचं म्हणणं असं लिहा, की त्यांनी वाचलं असतं तर ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं म्हटलं असतं.

लिहायला बसलात की शोधावं लागेल, आणि शोधताना एक गोष्ट सापडेल. याच वादात टिळकांनी सुधारकांपुढे एक प्रस्ताव ठेवला होता: मुलीचं लग्न १६ वर्षांच्या आत आणि मुलाचं २० च्या आत करणार नाही, अशी शपथ आपण स्वतः घेऊन ती पाळू. कायदा मागत होता त्याच्या हे किती पुढे आहे! परक्या सरकारला आमच्या घरात हात घालू द्यायचा नाही, सुधारणा समाजाने स्वतःहून करायची, हा त्यांचा मुद्दा. रा. गो. भांडारकरांची वाट तिसरीच. त्यांनी संस्कृत ग्रंथांचा आधार देऊन दाखवलं की शास्त्र या कायद्याच्या आड येत नाही. आणि आगरकरांना शास्त्राच्या होकाराची गरजच वाटत नव्हती, विवेकाला पटतं ना, एवढं त्यांना पुरे होतं.

हे सगळं एका पानावर मांडल्यानंतर तुमचं मत बदलेल असं मी म्हणत नाही. माझं बदललं नाही. समाज स्वतःहून सुधारेपर्यंत त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलींनी काय करायचं होतं, याचं उत्तर मला टिळकांच्या बाजूत सापडत नाही. पण हा प्रश्न टिळकांचं खरं म्हणणं समजल्यावर विचारलेला आहे, आणि ‘टिळक सनातनी होते’ या एका वाक्यावर थांबलो असतो तर तो सुचलाच नसता. ‘सरकारने कायदा करावा की लोकांनी स्वतः बदलावं’ हा वाद आजही रोज चालतो, त्यामुळे ही मेहनत फुकट जात नाही.

दोन्ही बाजू एकाच पुस्तकात हव्या असतील तर डॉ. आंबेडकरांचं जातिसंस्थेच्या निर्मूलनावरचं भाषण घ्या. मूळ इंग्रजी आहे, मराठी अनुवाद मिळतात. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ च्या अधिवेशनासाठी त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं होतं. छापील भाषण पाहून मंडळाला त्यातला काही भाग नकोसा झाला. बाबासाहेब एक स्वल्पविरामही बदलायला तयार नव्हते. भाषण झालंच नाही, त्यांनी ते स्वतः छापलं. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर टीका लिहिली. पण त्याच लेखात त्यांनी म्हटलं की सुधारकांना या भाषणाकडे दुर्लक्ष करता येणार नाही, सनातन्यांनीही ते वाचावं, आणि ८ आणे किंमत जास्त आहे, ती २ किंवा निदान ४ आणे करावी. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी गांधींची टीका छापली आणि तिच्यामागे आपलं उत्तर दिलं.

वाचण्याचा क्रम असा ठेवा: आधी भाषण, मग दोन दिवस थांबून गांधींचे लेख, मग पुन्हा थांबून उत्तर. मधल्या दिवसांत वहीत लिहा, की गांधींच्या आक्षेपाला मी काय उत्तर दिलं असतं. त्यानंतर बाबासाहेबांचं उत्तर वाचाल तेव्हा त्यांच्या युक्तिवादाची ताकद कळेल, कारण तुम्ही स्वतः त्याच जागी उभे राहून पाहिलेलं असेल.

८. वाचून लगेच लढायला जाऊ नका

नवं काही वाचलं की ते घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावंसं वाटतं, काकांना गप्प करावंसं वाटतं. निदान पंधरा दिवस थांबा. तोवर मुद्दा तुमचा झालेला नसतो, लेखकाचाच असतो, आणि काकांनी पहिला उलटा प्रश्न विचारला की तुमच्याजवळ आवाज चढवण्यापलीकडे काही उरत नाही. शिवाय आजी ज्या श्रद्धेने ओवाळते तिला ‘गुलामगिरी’ची पानं वाचून दाखवण्याआधी तिलाच विचारा, ‘आजी, बळीचं राज्य म्हणजे गं काय?’ ती जे सांगेल ते वहीत घ्या. तेही पुराव्यातच जमा होतं.

बोलायची भूक खरी असते, तिच्यासाठी तीन-चार जणांचा वाचनगट करा. महिन्यातून एकदा, एकच मजकूर, सगळ्यांनी आधी वाचून यायचं. परदेशातल्या मराठी मंडळींनी व्हिडिओ कॉलवर केला तरी चालतो. नियम एकच ठेवा: समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत सांगायचं, तो ‘बरोबर’ म्हणाला की मगच आपलं मत द्यायचं. या नियमाने गप्पा संथ होतात, क्वचित कंटाळवाण्याही. तरी धरून ठेवा. गटात एक तरी माणूस वेगळ्या घरातला, वेगळ्या जातीतला किंवा वेगळ्या राजकीय मताचा हवा. सगळे एकाच विचाराचे असतील तर फुले वाचून सगळे खूश होतील आणि गोष्ट तिथेच संपेल.

जिथे समासात ‘अगदी खरं!’ लिहावंसं वाटतं, त्या जागांची वेगळी यादी करा. राग आला तर आपण आपोआप पुरावा मागतो, आनंद झाला तर मागत नाही. गटात चर्चेला आधी त्या जागा घ्या.

९. पुस्तकं कुठून मिळवायची

फुले, आगरकर, ताराबाई, कोसंबी, आंबेडकर यांना जाऊन ६० वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, त्यामुळे त्यांचं मूळ लेखन आता सगळ्यांसाठी खुलं आहे. ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली काढलं. मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांची अनेक प्रकाशनं विनामूल्य उतरवून घेता येतात. मराठी विकिस्रोतावरही जुने ग्रंथ आहेत. बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडशः प्रसिद्ध केली आहेत, आणि जातिनिर्मूलनावरचं मूळ इंग्रजी भाषण पहिल्याच खंडात आहे. ‘युगान्त’ मात्र विकत घ्या किंवा ग्रंथालयातून आणा, त्याचे हक्क अजून आहेत.

गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात चौकशी कराच. पुण्यात असाल तर पुणे नगर वाचन मंदिरात जा, त्याची सुरुवात शतपत्रांच्याच वर्षी, १८४८ मध्ये झाली. ठाण्यात १८९३ पासूनचं आणि मुंबईत १८९८ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. पुस्तक निवडताना संपादकाची प्रस्तावना आणि टिपा असलेली आवृत्ती घ्या, पण प्रस्तावना शेवटी वाचा. आधी वाचली तर पुस्तकाबद्दलचं तुमचं पहिलं मतही ऐकीवच होईल.